रात्री अकरा ते पहाटे पाच

रात्री साडेअकराच्या सुमाराला दुसरी पाळी सुटते, तेव्हा चाकण–तळेगाव रस्त्यावर म्हाळुंग्याजवळ कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागलेली असते. पोरं उतरतात, टपरीवर चहा मारतात आणि आपापल्या खोल्यांकडे वळतात. खोली दहा बाय बाराची, कॉट बेसिसवर, भाडं पाच-सहा जणांत वाटून घेतलेलं. एक जण गॅसवर खिचडी गरम करायला ठेवतो, दुसरा अंगावरचा युनिफॉर्म दोरीवर टाकतो, तिसरा मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा करतो आणि सगळे त्या वीतभर पडद्याभोवती जेवायला बसतात. टीव्ही खोलीत नाही. टीव्ही आहे तो खाली घरमालकाकडे, आणि तो या वेळी झोपलेला असतो.

भारतातल्या मनोरंजन वाहिन्यांच्या स्वनियमनाच्या संहितेत रात्री अकरा ते पहाटे पाच हा वेळ ‘मर्यादित प्रेक्षकां’चा मानला आहे. सगळ्यांनी एकत्र बसून बघायचं ते दिवसा, मोठ्यांनी बघायचं ते अकरानंतर. हिशेब सरळ आहे, पण त्यात एक घर गृहीत धरलं आहे. त्या घरात एक टीव्ही असतो, मुलं दहाला झोपतात, बाप सकाळी नऊला कामाला जातो आणि संध्याकाळी सहाला परततो. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात असं घर शोधावं लागतं. इथे बाप रात्रपाळीला असतो आणि पोर क्लासहून आल्यावर एकटं असतं. अकरा वाजता कोणाचा दिवस संपतो, तर कोणाचा सुरू होतो. प्रसारमाध्यमांतल्या अश्लीलतेवर सरकारने गेल्या सत्तर वर्षांत काय काय केलं याचा आढावा घ्यायचा, तर तो या खोलीतूनच घ्यावा असं मला वाटतं. प्रत्येक नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणतं ना कोणतं घर होतं, आणि ते बहुतेक वेळा हे नव्हतं.

सुरुवात एका मराठी माणसापासून करावी लागते. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा या माणसाला खरा कळवळा. आकाशवाणीवर गवयांना मान मिळाला, संगीत संमेलनं सुरू झाली, त्यात त्यांचा मोठा वाटा. पण सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत, काही तर असभ्यच. आकाशवाणीवरची सिनेगीतं आधी घटली आणि मग जवळजवळ बंदच झाली. परिणाम काय झाला? लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. बिनाका गीतमाला आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोचला तो दिल्लीच्या या सोवळेपणाच्या जोरावर. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांची चेष्टा करणं सोपं आहे, मी करणार नाही. त्यांच्यापुढे प्रश्न अश्लीलतेचा होता त्याहून जास्त अभिरुचीचा होता. मात्र त्यांच्यापासून एक सवय सरकारला लागली ती आजतागायत सुटलेली नाही. ती म्हणजे अभिरुची आणि अश्लीलता एकाच ताटात वाढायची. आज केबल वाहिन्यांना लागू असलेली कार्यक्रम संहिता उघडून बघा. नियम ६ चं पहिलंच कलम म्हणतं की सुरुचीला किंवा शालीनतेला बाध आणणारा कार्यक्रम दाखवता येणार नाही. अश्लील मजकुरासाठी त्याच नियमात आणखी एक कलम आहे, स्त्रियांना हीन दाखवण्याबद्दल वेगळं आहे, आणि मुलांबद्दलही आहे. मग सुरुचीचं कलम कशासाठी? सुरुची कोणाची? नारायणगावच्या यात्रेत तमाशाला बसलेल्याची, की निगडी प्राधिकरणातल्या निवृत्त साहेबाची?

या संहितेचा जन्मही गमतीदार आहे. नियम १९९४ चे आणि कायदा १९९५ चा. कारण आधी वटहुकूम निघाला, त्याखाली नियम झाले आणि कायदा मागाहून आला. घाई असण्याला कारण होतं. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गच्च्यांवर डिश उगवल्या होत्या, स्टार आलं होतं, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आलं. पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतींत त्या काळात वाढलेल्या कोणालाही विचारा, केबलवाला म्हणजे काय चीज होती ते. एका खोलीत व्हीसीआर, चार-दोन रिसीव्हर आणि अँप्लिफायर. तिथून निघालेली काळी वायर झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, गॅलरीच्या गजांतून घराघरांत जायची. महिन्याच्या एक तारखेला वहीवर टिक मारून पैसे घेणारा पोरगा हाच त्या धंद्याचा वसुली अधिकारी. दुपारी नवा हिंदी पिक्चर, रात्री इंग्रजी, आणि मध्यरात्रीनंतर काही केबलवाले स्वतःच्या चॅनलवर काय लावायचे ते सगळ्या आळीला ठाऊक असायचं आणि कोणी बोलायचं नाही. सरकार या धंद्याला ओळखत होतं ते मुख्यतः करमणूक कराच्या रूपाने. तहसीलदाराचा माणूस जोडण्या मोजायला यायचा. काय दाखवलं जातं ते मोजायला कोणी येत नसे.

१९९५ च्या कायद्याने ते बदलायचा प्रयत्न केला. या कायद्यातली एक तरतूद आपल्या पट्ट्यापुरती मोलाची आहे आणि नेमकी तीच कोणाला ठाऊक नाही. संहितेचा भंग झाला तर केबलचं प्रसारण थांबवण्याचा आणि यंत्रसामग्री जप्त करण्याचा अधिकार दिल्लीपुरता ठेवलेला नाही. जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त यांना ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हणून तो दिला आहे. १५ ऑगस्ट २०१८ पर्यंत पिंपरी-चिंचवड पुणे पोलीस आयुक्तांकडे होतं आणि चाकण पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. अधीक्षक या कायद्यात प्राधिकृत अधिकारी नाहीत, त्यामुळे चाकणच्या केबलवर कारवाई करायची तर ती प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याच सहीने. त्या दिवशी पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र आयुक्तालय सुरू झालं. चाकण, आळंदी, तळेगाव, देहूरोड त्याच्या हद्दीत आले, आणि सगळ्या पट्ट्याला चिंचवडमध्येच एक प्राधिकृत अधिकारी मिळाला.

आता महाराष्ट्रातली सर्वांत मोठी लढाई. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. टीव्हीवर सर्रास प्रौढांसाठीचे चित्रपट दाखवले जातात आणि घरात मुलं बसलेली असतात, हा त्यांचा मुद्दा. न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये तो मानला. ‘यू’ किंवा ‘यूए’ प्रमाणपत्र नसलेला चित्रपट केबलवर दाखवायचा नाही. आदेश निघाला, पण तो पाळायचा कोणी? वाहिनी म्हणे आम्ही उपग्रहावरून पाठवतो, केबलवाला म्हणे आम्ही फक्त वायर ओढतो. मग ऑगस्ट २००६ मध्ये मुंबई पोलिसांनी केबल वितरकांच्या कार्यालयांवर छापे घातले, डिकोडर उचलले. घाबरलेल्या वितरकांनी चित्रपट वाहिन्याच बंद करून टाकल्या. मुंबईकरांच्या टीव्हीवर इंग्रजीच काय, हिंदी सिनेमाच्या वाहिन्यासुद्धा दिसेनात. वाहिन्यांनी फक्त ‘यू’ आणि ‘यूए’ चित्रपट दाखवण्याची हमी दिल्यावर त्या परतल्या.

या खटल्याकडे दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. आई म्हणून, शिक्षक म्हणून त्या प्राध्यापिकेचं म्हणणं खोटं नव्हतं. दुपारी चार वाजता शाळेतून आलेल्या मुलाच्या समोर काहीही लागत होतं आणि कोणीच जबाबदार नव्हतं. पण न्यायालयाने जो उपाय दिला त्यात रात्रीला जागाच उरली नाही. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट मध्यरात्री दोन वाजताही लावायचा नाही. सज्ञान माणसासाठीच्या सिनेमाला घरातल्या टीव्हीवर एकही तास राखलेला नाही, ही स्थिती तेव्हापासून आहे. त्यातून टीव्हीवरच्या सिनेमाची एक वेगळीच जात तयार झाली. ‘ए’चा चित्रपट कापून ‘यूए’ करून आणायचा, शिव्यांवर ‘टूं’ वाजवायचा, सबटायटलमधला शब्द गाळायचा. संवाद ऐकू येत असतो आणि खाली फुल्या दिसत असतात. चेष्टा कोणाची होते ते कळत नाही.

दिल्लीतल्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचे बडगे याच सुमाराला पडू लागले. जानेवारी २००७ मध्ये एएक्सएन वाहिनी दोन महिन्यांसाठी बंद केली, कारण जगातल्या मादक जाहिरातींवरचा एक कार्यक्रम. त्याच वर्षी एफटीव्ही दोन महिने बंद, आणि मार्च २०१० मध्ये तीच पुन्हा नऊ दिवस. मे २०१३ मध्ये कॉमेडी सेंट्रलला दहा दिवसांची बंदी, तीही जवळपास वर्षापूर्वी दाखवलेल्या कार्यक्रमांसाठी! एखाद्या पोराने वर्षापूर्वी शिवी दिली म्हणून आज त्याला कोंडून ठेवावं, तसं हे. शिक्षा कार्यक्रमाला नाही, सगळ्या वाहिनीला. आणि वाहिनीपेक्षा जास्त, पैसे भरून ती बघणाऱ्याला.

आपल्या शेजारचा प्रसंग २०१० चा. ‘बिग बॉस’चं घर अनेक वर्षं लोणावळ्यात उभारलं जात असे. पिंपरीहून लोकलमध्ये बसलं की शेवटचं स्टेशन तेच. नोव्हेंबर २०१० मध्ये मंत्रालयाने फर्मान काढलं की ‘बिग बॉस’ आणि ‘राखी का इन्साफ’ हे दोन कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच याच वेळात दाखवायचे, आणि वृत्तवाहिन्यांनी त्यांचे तुकडे दाखवायचे नाहीत. नऊचा कार्यक्रम अकराला ढकलला तर जाहिरातींचं गणितच कोसळतं. ‘बिग बॉस’ची वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिने अंतरिम स्थगिती मिळवली. या प्रकरणातून धडा घेऊन उद्योगाने २०११ च्या जूनमध्ये स्वतःची तक्रार परिषद स्थापली, निवृत्त न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा तिचे पहिले अध्यक्ष. अकरा ते पाच ही वेळ तेव्हापासून संहितेतच आली. जाहिरातींसाठी मुंबईतली जाहिरात मानक परिषद १९८५ पासून होतीच. स्वनियमनाला हसणारे पुष्कळ आहेत. पण बंदीपेक्षा ही वाट बरी, कारण इथे निदान कार्यक्रम बघून, दोन्ही बाजू ऐकून, ‘हा भाग काढा’ किंवा ‘माफीची पट्टी चालवा’ असं सांगता येतं.

एक प्रकरण मात्र मला अजूनही खुपतं, कारण ते भोसरीच्या दारातलं आहे. ११ डिसेंबर २०१७ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना पाठवली की कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळात दाखवाव्यात. आधार घेतला तो जाहिरात संहितेतल्या मुलांविषयीच्या आणि असभ्य, सूचक जाहिरातींविषयीच्या नियमांचा. ओरड झाली, तेव्हा दहा दिवसांच्या आत खुलासा आला की बंधन फक्त उत्तान जाहिरातींना आहे, आरोग्याची माहिती देणाऱ्यांना नाही. आता भोसरी एमआयडीसीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. १९९२ साली स्थापन झालेली, आद्याक्षरांवरून सगळा परिसर तिला ‘नारी’ म्हणतो. अलीकडे नाव बदललं तरी रिक्षावाल्याला ‘नारी’च कळतं. तिच्यापासून काही किलोमीटरवर निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, जिथे देशभरचे ट्रक येऊन थांबतात. आजूबाजूच्या खोल्यांत घरापासून हजार-हजार मैल दूर राहणारे बाविशी-पंचविशीतले तरुण. एड्सविरुद्धच्या कामात ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार यांच्यापर्यंत पोचणं हे पहिलं पाऊल, हे सरकारचंच धोरण. आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याला वाटलं की ज्या वस्तूचं नाव आरोग्यसेवक दिवसाढवळ्या मोठ्याने घेतो, ते टीव्हीने कुजबुजत घ्यावं. उत्तान जाहिराती होत्या, नाही असं नाही. पण मग उत्तानपणा थांबवायचा. वस्तू लपवायची नसते. खुलासा झाल्यावरही जाहिरातदार सावध होतो तो होतोच. ‘कशाला कटकट’ म्हणून दिवसाची वेळ सोडून देणं त्याला स्वस्त पडतं. सरकारी सूचनेचा खरा परिणाम तिच्या शब्दांत नसतो, अशा माघारीत असतो.

मराठीला या बाबतीत इंग्रजीपेक्षा बारीक जाण आहे. अश्लील वेगळं, बीभत्स वेगळं, शिवराळ वेगळं, वाह्यात वेगळं आणि चावट तर अगदीच वेगळं. दादा कोंडक्यांच्या सिनेमातला द्व्यर्थी संवाद ऐकून जी आजी पदर तोंडाला लावून हसते, तीच आजी एखाद्या मालिकेत सुनेच्या कानाखाली जाळ काढलेला बघून म्हणते, ‘शी, काय घाणेरडं दाखवतात.’ तिच्या लेखी चावटपणा खपतो, अपमान खपत नाही. चाकणहून नाशिक रस्त्याने तासा-दीड तासावर नारायणगाव. यात्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या तिथे लागतात, गावकारभारी येऊन सुपाऱ्या देतात. याच तमाशावर स्वातंत्र्याच्या सुमाराला बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून बंदी घातली होती. पुढे ती अटींवर उठली आणि संहिता तपासून घेण्याचा रिवाज आला. आज त्याच तमाशाला सरकार पुरस्कार देतं, आणि विठाबाई नारायणगावकरांच्या नावानेच देतं. सुरुची बदलते, आणि ती बदलायला फार तर दोन पिढ्या लागतात. कायद्यात तिला खिळा मारून ठोकता येत नाही.

न्यायालयंही इथवर हळूहळू आली. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या १९६४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कसोटी उचलली होती. ज्यांचं मन बिघडू शकतं अशांना हा मजकूर बिघडवेल का, एवढंच बघायचं. पाच वर्षांनी ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या मराठी कथेवरचा खटला तिथे पोचला आणि चंद्रकांत काकोडकर सुटले. काळ बदलतो, वाचकही बदलतो, हे न्यायालयाने तिथे मान्य केलं. २०१४ मध्ये जुनी कसोटी सोडून समकालीन समाजाचं मोजमाप आलं. आणि मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की शिवराळ भाषा ऐकून किळस येईल, पण किळस म्हणजे अश्लीलता नव्हे. आजीला हे आधीपासून ठाऊक होतं.

परदेशाचा एक दाखला पुरे. अमेरिकेत १९७३ साली न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी केंद्राने भर दुपारी जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचं शिव्यांवरचं भाषण लावलं. गाडीतून मुलासह जाणाऱ्या एका बापाने तक्रार केली. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियामकाची बाजू घेतली, कारण रेडिओ घरात न विचारता येतो आणि मूलही तो ऐकतं. मात्र तिथला नियम फक्त हवेतून मोफत येणाऱ्या रेडिओ-टीव्हीला, रात्री दहा ते सकाळी सहा सूट, आणि पैसे भरून घेतलेल्या केबलला तो लागूच नाही. आपण उलट्या दिशेने गेलो. १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांनी ‘रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे’ असा निकाल दिला तो सरकारची मक्तेदारी मोडायला. आणि त्याच वर्षीच्या केबल कायद्याने, माणूस स्वतः पैसे मोजून घरात आणतो त्या वायरीवर सर्वांत कडक संहिता बसवली.

ती वायरही आता म्हातारी झाली. चाकणच्या पोरांच्या बोलण्यात ‘ओटी’ म्हणजे ओव्हरटाइम. त्याला आणखी एक ‘टी’ जोडला की ओटीटी, आणि दोन्ही रात्रीच चालतात. २५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी ओटीटीलाही संहिता आली. सर्वांसाठी, सातच्या वर, तेराच्या वर, सोळाच्या वर, प्रौढ अशा पाच पायऱ्या. तेराच्या वरच्या मजकुराला कुलूप, प्रौढ मजकुराला वयाची खात्री. विचार चांगला आहे, कारण इथे पहिल्यांदाच सुरुची बाजूला ठेवून वय मोजलं. पण त्या म्हाळुंग्याच्या खोलीत वयाची खात्री म्हणजे काय? पडद्यावर प्रश्न येतो, अंगठा ‘होय’वर पडतो, झालं. सतरा वर्षांचा आयटीआयचा शिकाऊ पोरगाही त्याच गोतावळ्यात बसलेला असतो. याच नियमांतला डिजिटल बातम्यांच्या आचारसंहितेचा भाग मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगित केला. अर्जदारांत पत्रकार निखिल वागळे होते. त्यांचं म्हणणं अश्लीलतेबद्दल नव्हतं. शालीनतेच्या नावाखाली टीका दाबली जाईल, ही त्यांची भीती होती, आणि ती भीती केसकरांच्या काळाइतकीच जुनी आहे.

बाकी काम घाऊक बंदीने होतं. मार्च २०२४ मध्ये अठरा आणि जुलै २०२५ मध्ये पंचवीस ओटीटी मंच सरकारने एका फटक्यात बंद केले. त्यांतला बराचसा माल टाकाऊ होता, त्याच्यासाठी रडणारा मी नाही. पण कोणता भाग, कोणतं कलम, कोणाची तक्रार याचा जाहीर हिशेब मिळत नाही. नाव बदलून नवं दुकान उघडायला फार दिवस लागत नाहीत. आणि पोरांच्या मोबाईलवर मुळात जे फिरतं ते या मंचांवरचं नसतंच. ते रील असतं, टेलिग्रामवरचा तुकडा असतो, किंवा यात्रेतल्या एखाद्या नाचणाऱ्या बाईचा तिला न विचारता जवळून घेतलेला व्हिडिओ असतो. या शेवटच्या प्रकाराला कोणतीच प्रसारण संहिता लागू होत नाही. तिथे नाचणं अश्लील ठरत नाही. कॅमेरा कुठे रोखला ते ठरतं. आपले वाद मात्र नाचणारीच्या हावभावांवर होतात.

कायदा काही बाबतींत शहाणा झाला हेही लिहायला हवं. १७ जून २०२१ पासून टीव्हीसाठी तक्रारीच्या तीन पायऱ्या नियमांतच आल्या. वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यायची, पंधरा दिवसांत निर्णय. पटलं नाही तर पंधरा दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील, तिला साठ दिवस. त्यानंतर केंद्र सरकार. २०२३ मध्ये केबल कायद्यातली तुरुंगाची शिक्षा गेली. ताकीद, समज, दंड अशा पायऱ्या आल्या. टीव्ही, ओटीटी सगळ्यांना एका छत्राखाली आणणाऱ्या प्रसारण विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, सुधारित आवृत्तीवर गदारोळ झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती मागे घेतली गेली. ते विधेयक परत येईल तेव्हा त्यातून ‘सुरुची’ हा शब्द काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मूल काय बघतं, दाखवलेल्या बाईची संमती होती का, आणि बघणाऱ्याला आधी सांगितलं होतं का, या तीन गोष्टींवर सरकारने खुशाल कडक व्हावं. चावटपणाचं काय करायचं ते आजी बघून घेईल.

मात्र दिल्लीच्या विधेयकाची वाट न बघता चिंचवडमध्येच करता येण्यासारखं एक काम आहे. केंद्राच्या २००८ च्या आदेशानुसार प्रत्येक जिल्ह्यात केबल टीव्हीसाठी देखरेख समिती असायची आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. सोबत महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, मानसशास्त्र वा समाजशास्त्राचे जाणकार, आणि सचिव जिल्हा माहिती अधिकारी. स्थानिक केबल चॅनलवर काय चाललंय ते या समितीने बघायचं. देशभर दिसणाऱ्या वाहिनीची तक्रार आली तर ती राज्य सरकारमार्फत दिल्लीला धाडायची. म्हणजे पदरात मूल घेऊन आलेल्या चिखलीच्या किंवा कुरुळीच्या बाईला इंग्रजीत ईमेल लिहायची गरज नाही. तिने मराठीत अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. अर्जात वाहिनी, कार्यक्रम, तारीख आणि वेळ एवढ्या चार गोष्टी असल्या की पुरे.

तेव्हा पोलीस आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना एवढीच विनंती: या समितीच्या सदस्यांची नावं, पत्ता आणि अर्ज घेण्याची वेळ आयुक्तालयाच्या आणि चाकण पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत आणि हिंदीत लावा. आणि अर्ज घेण्याची वेळ ठरवताना पाळ्या कधी सुटतात ते एकदा विचारून घ्या.